आज एक माणूस इश्यू करा!

लायब्ररीत जायचं आणि पुस्तकाऐवजी चक्क माणूस वाचायला घ्यायचा! २००० साली डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डे संगीत महोत्सवात रॉनी अबरगेल आणि त्याच्या मित्रांनी ही 'ह्युमन लायब्ररी' सुरू केली. त्यांच्या एका मित्रावर चाकूहल्ला झाला होता. तेव्हापासून ही मंडळी तरुणांमधल्या हिंसेविरुद्ध काम करत होती.

इथली 'पुस्तकं' म्हणजे ज्यांच्यावर लोक न वाचताच शिक्का मारतात ते. निर्वासित, बेघर, ट्रान्सजेंडर, अंध व्यक्ती, अगदी पोलिससुद्धा. साधारण अर्धा तास समोरासमोर बसायचं आणि एरवी विचारताना जीभ अडखळते ते बिनधास्त विचारायचं. एखादं पान उघडायचं नसेल तर 'पुस्तक' तसं सांगू शकतं. भाषण नसतं, हे मला सगळ्यात भारी वाटलं. सेमिनारमध्ये आपण मागच्या बाकावर रील्स बघतो. इथे समोरचा डोळ्यांत बघतोय, निसटणार कुठे?

मुंबई, हैदराबादमध्येही असे प्रयोग झालेत. पण आपल्या कँटीनचं काय? हॉस्टेलवाले एका टेबलावर, लोकल पोरं दुसऱ्या. मराठी मीडियमवाले कोपऱ्यात. आणि कँटीन पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद असेल, तर व्हीलचेअरवरचा वर्गमित्र कुठल्याच टेबलावर नाही. त्याच्याशी गप्पा मारायच्या तर आधी चहा खाली न्यावा लागेल. आणि लिफ्टसाठी प्राचार्यांकडे अर्जही.