चकतीवरून संगणक सुरू होत नाही तेव्हा

आपल्यापैकी अनेकांचे जुने लेखन युनिकोडपूर्व फाँटमध्ये, जुन्याच संगणकात पडून आहे. तो बिघडला, की डीव्हीडीवरून नवी कार्यप्रणाली बसवण्याचा प्रयत्न होतो आणि संगणक चकतीची दखलच घेत नाही. अशा वेळी कारणे एकामागून एक तपासावीत.

पहिले कारण क्रमाचे. संगणक सुरू होताच बायोस ठरलेल्या क्रमाने साधने तपासते. हार्ड डिस्क आधी असेल, तर डीव्हीडीची पाळी येतच नाही. आरंभीच एफ-२, एफ-१२ किंवा डिलीट कळ (ती यंत्रागणिक बदलते) दाबून डीव्हीडीला अग्रक्रम द्यावा.

दुसरे कारण चकतीचे. ती दुसऱ्या संगणकात उघडावी. आत एकच आयएसओ फाइल दिसली, तर ती चकती निरुपयोगी समजावी. १९९५च्या 'एल टोरिटो' संकेतानुसार बूटची नोंद चकतीवर ठरलेल्या जागीच लागते. फाइल नुसती उतरवल्याने ती तेथे येत नाही. त्यासाठी 'बर्न इमेज' हाच पर्याय निवडावा.

तरीही अडले, तर आयएसओ फाइलचा चेकसम मूळ चेकसमशी ताडून पाहावा व कमी वेगाने नवी चकती करावी. ३२-बिट यंत्रावर ६४-बिट प्रणाली चालत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

चकती चालू लागताच मात्र 'इन्स्टॉल' दाबण्याची घाई नको. लिनक्सच्या लाइव्ह चकतीतून हार्ड डिस्क न पुसता फाइली पेन ड्राइव्हवर घेता येतात. सोबत त्यांचा फाँटही घ्यावा. तो हरवला, तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग तेवढी उरते.