खाऱ्या पाण्यातील तहान

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातून वसतिगृहात आलेल्या मुलांचा एक प्रश्न पेशीचा पाठ सुरू झाला की हमखास येई : "गुरुजी, आमच्या विहिरीला पाणी आहे, मग ते पिकाला का चालत नाही?" शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडील कित्येक शेतकरी कुटुंबांचे हे दुःख आहे.

प्रत्येक सजीव पेशीभोवती प्रद्रव्यपटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही कमी. मेदरेणूंचे दोन थर आणि त्यांत रुतलेली प्रथिने, अशी त्याची रचना. प्राणवायू त्यातून सहज जातो. मिठाच्या कणांना मात्र प्रथिनांच्या दारांवाचून वाट नाही. पाण्यासाठी तर स्वतंत्र दारे आहेत. ती शोधणाऱ्या पीटर ॲग्रे यांना 2003 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पटलातून पाणी विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाते. हेच परासरण. मनुका साध्या पाण्यात टम्म फुगते, दाट पाकात फुगत नाही. (वर्गात प्रयोगापूर्वीच निम्म्या मनुका नाहीशा होत, ही गोष्ट वेगळी!) कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे तर प्रत्येक घरात पाहिलेले असते.

मुळांच्या पेशींतील रस एरवी मातीतील पाण्यापेक्षा संहत असतो, म्हणून पाणी आत ओढले जाते. मातीत क्षार साचले की ही ओढ मंदावते आणि क्षार फारच वाढले तर उलटते. मग ओल्या जमिनीत उभे असलेले रोप तहानेने सुकते. त्यात सोडियममुळे काळी माती चिवट व घट्ट होऊन पाणी मुरू देत नाही. म्हणूनच या पट्ट्यात पावसाचे पाणी साठवणाऱ्या शेततळ्याचे मोल विहिरीहून अधिक.

पेशी अर्थात निमूटपणे सोसत नाही. आपल्या शरीरातील पेशी ऊर्जा खर्चून दर खेपेस सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात. हे सक्रिय परिवहन अहोरात्र चालू असते.

याच जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे नमुने तपासले. रंग लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा निघाला. जेथे ज्वारीचे मूळ तग धरणार नाही तेथे हे जीव सुखाने नांदतात, कारण बाहेरच्या क्षारांना तोलून धरण्यासाठी ते आपल्या पेशीत पोटॅशियमचे क्षार भरून ठेवतात. मात्र यांतील अनेकांना गोड्या पाण्यात सोडले, तर पाणी आत घुसून त्यांच्या पेशी फुटतात. आपल्या पिकाला जीवन देणारा पाऊस त्यांच्यासाठी संकटच होय.