भूमध्य समुद्राची सहल आणि गोदाखोऱ्यातील कापड



आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे यवतमाळ, अलीकडे आपण. दोन्ही काठांवर काळी जमीन, कापसाची शेते, सागाची जंगले आणि मराठी बोलणारी गावे. येथून कोणताही समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणच्या श्रोत्यांसमोर भूमध्य समुद्रातील विलासनौकांच्या सहलीविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विसंगत वाटेल. परंतु त्या समुद्राच्या प्राचीन बंदरांचा आणि आपल्या नद्यांच्या खोऱ्याचा एक जुना संबंध आहे, आणि तो ध्यानात आला म्हणजे ही विसंगती उरत नाही.

प्रथम या सहलीचे स्वरूप पाहू. आनंदासाठी समुद्रावर फिरण्याची प्रथा फारशी जुनी नव्हे. १८६७ मध्ये 'क्वेकर सिटी' नावाची आगबोट अमेरिकन प्रवाशांना घेऊन भूमध्य समुद्राकडे निघाली. तीत मार्क ट्वेन हा लेखक होता. १८९१ मध्ये 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जर्मन जहाज हिवाळ्यात याच समुद्राच्या सहलीस निघाले, आणि रिकाम्या हंगामात जहाजे चालविण्याचा हा मार्ग फायदेशीर आहे असे कंपन्यांना कळून आले. आज हजारो उतारू वाहणारी प्रचंड जहाजे आहेत, तशाच शंभर-दोनशे प्रवाशांच्या लहान नौकाही आहेत. त्यांनाच यॉट म्हणतात. आकार लहान असल्यामुळे मोठी जहाजे जेथे शिरू शकत नाहीत अशा अरुंद बंदरांतही त्या जातात. रात्री प्रवास करावा, सकाळी नव्या धक्क्याला लागावे, दिवसभर भग्नावशेष पाहावेत आणि सायंकाळी पुन्हा आपल्या खोलीत परतावे, असा क्रम असतो. आठवड्याचे भाडे लाखांच्या घरात जाते. अथेन्सचे पिरियस, मिकोनोस व डेलॉस, सँटोरिनी, क्रीट, ऱ्होड्स, पुढे माल्टा, नेपल्स, अशी ही नावांची माळ असते.

प्रवासी या बंदरांत संगमरवर पाहतो. स्तंभ, मंदिरे, पुतळे, रंगविलेल्या भिंती पाहून तो थक्क होतो. परंतु ही मंदिरे ज्या पैशातून उभी राहिली तो आला कोठून, हा प्रश्न सहलीच्या घाईत सहसा विचारला जात नाही. तोच आज आपण विचारू.

डेलॉस या बेटाचे उदाहरण घ्या. हे बेट अवघे काही किलोमीटर लांबीचे, खडकाळ आणि पाण्याचे दुर्भिक्ष असलेले. ग्रीकांच्या श्रद्धेप्रमाणे अपोलो देवाचा जन्म येथे झाला, म्हणून ते पवित्र. इ. स. पूर्व १६६ मध्ये रोमने ते जकातमुक्त बंदर म्हणून जाहीर केले आणि पाहता पाहता पूर्वेकडचा व्यापार तेथे गोळा झाला. व्यापाऱ्यांचे वाडे उठले, त्यांच्या अंगणांत रंगीत खड्यांची चित्रे जडविली गेली. ती आजही पाहावयास मिळतात. पण त्याच धक्क्यावर माणसांचाही बाजार भरे. एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून विकण्याची या बेटाची क्षमता होती, असे भूगोलकार स्ट्राबो लिहितो. पुढे इ. स. पूर्व ८८ मध्ये शत्रूच्या सैन्याने आणि इ. स. पूर्व ६९ मध्ये चाच्यांनी हे बेट लुटले, आणि व्यापाराने दुसरी वाट धरताच ते ओस पडले. आज तेथे वस्ती नाही. पर्यटकालाही रात्री मुक्काम करता येत नाही. जेथे पिकत काहीच नव्हते, केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जे जगत होते, ते गाव माल थांबताच संपले.

या व्यापाराचा एक महत्त्वाचा प्रवाह हिंदुस्थानातून येत असे. इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने खलाशांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस'. लेखकाचे नाव कळत नाही, परंतु माहिती नेमकी आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांवर तगर आहे, असे तो सांगतो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तगरहून साधे कापड, नाना प्रकारची तलम वस्त्रे व रंगीत जाडेभरडे कापड, असा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येई, अशी त्याची नोंद आहे.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पैठण गोदावरीच्या काठी. तेर तेरणेच्या काठी; तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. आपली पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा यांची प्राणहिता होते आणि तीही अखेर गोदावरीलाच जाते. सातवाहनांच्या काळी हे सारे खोरे एका राजवटीच्या छायेत होते. गोदावरीच्या काठी, जगतियाल जिल्ह्यातील कोटिलिंगाल येथे त्या घराण्याच्या अगदी आरंभीच्या राजांची नाणी सापडली आहेत. तगरच्या गाड्यांत आदिलाबादच्याच शेतातील कापूस होता, असे म्हणण्यास आधार नाही; परंतु तो याच काळ्या मातीचा, याच हवामानाचा आणि याच नदीच्या कुटुंबातला होता, हे निश्चित.

तगरहून निघालेल्या एका गाठोड्याचा प्रवास आपण कल्पनेने पाहू. तीस दिवस बैलगाडीतून भडोच. तेथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर आलेली परदेशी गलबते उभी असत. ती इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत आणि वारा उलटला म्हणजे डिसेंबर-जानेवारीत परतत. अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रातील बेरेनिके किंवा मायोस होर्मोस हे बंदर गाठावयाचे. बेरेनिकेहून उंटांच्या पाठीवर वाळवंटातून बारा दिवसांत नाईलकाठचे कॉप्टोस. तेथून होडीने नदीतून अलेक्झांड्रिया. पुढे भूमध्य समुद्र. पण तो हिवाळ्यात बंद. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वादळांच्या भीतीने नौका सहसा बाहेर पडत नसत. आजच्या सहलींचा मुख्य हंगामही एप्रिल ते ऑक्टोबर असाच आहे. समुद्र खुला झाला की माल इटलीकडे निघे आणि नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरात उतरे. म्हणजे शरद ऋतूत तगर सोडलेले कापड पुढल्या उन्हाळ्यात रोमन गृहिणीच्या हाती पडे. अलेक्झांड्रियाची गलबते दिसू लागली की पुतेओलीचे लोक धक्क्यावर धावत, असे वर्णन तत्त्ववेत्ता सेनेका याने आपल्या एका पत्रात केले आहे.

याची साक्ष केवळ ग्रंथांतच आहे असे नाही. बेरेनिकेच्या उत्खननात हिंदुस्थानी सुती कापडाचे तुकडे, मिरी आणि सागाचे लाकूड मिळाले. २०२२ मध्ये तेथे बुद्धाची एक मूर्तीही सापडली. सागाच्या तुळया मुळात हिंदुस्थानी लाकडाच्या जहाजांच्या असून जहाजे मोडल्यावर घरबांधणीस वापरल्या गेल्या, असे संशोधक मानतात. नेपल्सहून प्रवासी ज्या पाँपेई नगरीस हमखास जातो, तेथे १९३८ मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. जेमतेम वीतभर उंचीची, अंगावर भरगच्च दागिने आणि दोन बाजूंस दासी. ती हिंदुस्थानी आहे हे पाहताक्षणी कळते. तिच्या घडणीशी अतिशय जवळचे नाते सांगणाऱ्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनला सापडल्या आहेत. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई गाडली गेली, तेव्हा दख्खनच्या कारागिराचे हे काम तेथील एका घरात होते. उलट दिशेने आलेला पाहुणा पाहावयाचा असेल तर कोल्हापूरला जावे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, लहानशी कांस्यमूर्ती मिळाली. सह्याद्रीच्या या बाजूस, समुद्र दिसतही नाही अशा गावी, समुद्राचा देव मुक्कामास होता. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभ दान करणाऱ्यांतही यवनांची नावे कोरलेली आहेत.

शब्दही असाच प्रवास करून गेला. संस्कृत 'कार्पास' हा ग्रीकांत 'कार्पासोस' आणि लॅटिनमध्ये 'कार्बासुस' झाला. रोमन कवींच्या भाषेत त्याचा अर्थ शीड असाही होतो. आपल्या कापसाचे नाव भूमध्य समुद्रावरील शिडाला मिळावे, याहून अधिक सुंदर दाखला कोणता द्यावा?

येथे हिशेबाचाही विचार केला पाहिजे. रोमन सरकार पूर्वेकडून येणाऱ्या मालावर चौथा हिस्सा जकात घेई. प्लिनी या ग्रंथकाराची तक्रार होती की, हिंदुस्थान दरसाल रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि तेथील माल मूळ किंमतीच्या शंभरपट दराने विकला जातो. हाच प्लिनी पुढे व्हेसुव्हियसच्या स्फोटात मरण पावला. शंभरपट हा आकडा रागाच्या भरातला असेल. पण तगरचा विणकर आणि रोमचा ग्राहक यांच्यामध्ये गाडीवान, नाखवा, सावकार, उंटवाला आणि जकातदार इतके हात होते, हे खरे. त्या काळीही मोठा नफा वाटेतच राहत असे.

तरीही विणकर अगदीच दुबळा नव्हता, आणि हाच या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांची व किरकोळ खर्चाची सोय व्हावी म्हणून त्याने तीन हजार कार्षापण कायमचे ठेव म्हणून गुंतविले. कोणाकडे? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. राजाच्या जावयाने आपले पैसे विणकरांच्या संघाकडे विश्वासाने ठेवावेत, इतकी त्या संघांची पत होती. ही पत कापसाच्या पिकामुळे आलेली नव्हती. ती विणण्याच्या कौशल्यामुळे आणि एकत्र राहण्यामुळे आली होती. गोदेच्या खोऱ्यातून बाहेर जाई ते वस्त्र होते.

आज आदिलाबादच्या बाजारसमितीच्या आवारात हंगामात कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. भारतीय कापूस महामंडळाचे खरेदीदार ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात आणि बारा टक्क्यांच्या वर नकार. मग जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, कापसाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी रुई निघते आणि १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. त्या गाठी बहुतांशी दूरच्या गिरण्यांकडे जातात. सूत दुसरीकडे निघते, कापड तिसरीकडे विणले जाते आणि भावावर न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराची छाया असते. दोन हजार वर्षांपूर्वी शेत, चाती आणि माग एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. आज शेत येथे आहे आणि बाकीचे सर्व दूर. वाटेतील हात तेव्हाही होते, आताही आहेत. फरक इतकाच की, तेव्हा आपल्या बाजूच्या हातांतही एक तयार वस्तू होती.

हे सांगण्यात गतवैभवाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. त्या काळच्या व्यापारात माणसेही विकली जात. भडोचला राजासाठी उतरणाऱ्या जिनसांत गाणारी मुले आणि सुंदर मुली यांचीही नोंद पेरिप्लसकाराने निर्विकारपणे केली आहे. तो काळ परत यावा असे कोणीही म्हणणार नाही. परंतु डेलॉस आणि गोवर्धन यांच्या इतिहासातून एक धडा स्पष्ट मिळतो. केवळ मालाच्या येण्याजाण्यावर जगणारे बंदर ओस पडते आणि केवळ कच्चा माल देणारे खेडे गरीब राहते. टिकते ते कसब, आणि त्या कसबाभोवती उभा राहिलेला संघ. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात सूतगिरणी, माग आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था का हव्यात, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकाइतकेच नाशिकच्या शिलालेखातही आहे.

ज्यांना साधेल त्यांनी भूमध्य समुद्राची सहल अवश्य करावी. ऱ्होड्सचे बंदर आणि अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभाच्या जागी उभा असलेला किल्ला डोळे भरून पाहावा. नेपल्सच्या संग्रहालयात ती हस्तिदंती मूर्ती मात्र चुकवू नये. ज्यांना ते साधणार नाही त्यांनी तेरच्या लामतुरे संग्रहालयात तिची बहीण पाहावी. तेथे जाण्यास गलबत लागत नाही. आणि दोहोंतले काहीच न जमल्यास, दिवाळीच्या सुमारास वेचणी चालू असता शेताच्या बांधावर उभे राहून बोंडातला पांढरा कापूस हातात घ्यावा. पाँपेई आणि डेलॉस यांच्या ऐश्वर्याचा एक धागा अशाच बोंडातून निघाला होता, आणि तो पुन्हा आपल्या हातांनी विणावयाचा की नाही, हे ठरविणे अजून आपल्याच हाती आहे.