कलगी, तुरा आणि हिप हॉप

जबलपूर शहराच्या पूर्वेस खमरिया नावाची वसाहत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, तेथे दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोंग्याबरोबर उठणारी नि निजणारी एक वस्ती त्याच्याभोवती वसली. नोकरीच्या निमित्ताने नाना प्रांतांची माणसे तेथे आली. त्यांत मराठी माणसेही होती. आणि मराठी माणूस जेथे जातो तेथे भाद्रपदात गणपती बसतो, हे सांगावयास नकोच. अशाच एका उत्सवातील गायनस्पर्धेचा मी परीक्षक होतो, आणि त्या दिवशी माझ्या हातून जे घडले त्याची हकीकत सांगूनच आजच्या विषयाला आरंभ करतो.

अभंग झाले, नाट्यगीते झाली, भावगीते झाली. शेवटी सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा व्यासपीठावर आला. बरोबर पेटी नाही, तबला नाही. त्याचा एक सोबती ध्वनिक्षेपकापाशी तोंडाने ठेका धरून राहिला आणि हा मुलगा त्या ठेक्यावर भरभर बोलू लागला. भाषा मराठी, मध्येच बुंदेली. वऱ्हाडातून पेटी-वळकटी घेऊन आलेले आजोबा, बापाची रातपाळी, आजोबांना मिळालेली कायमची नोकरी नातवाला का मिळत नाही हा प्रश्न, असा सारा मजकूर त्याने यमकांत बांधला होता. मंडप क्षणभर स्तब्ध झाला आणि मग टाळ्यांनी दणाणला. आम्ही तिघा परीक्षकांनी मात्र एकमेकांकडे पाहिले. "याला गाणे म्हणावयाचे काय?" एकाने विचारले. गाणे नव्हे, असे आमचे एकमत झाले आणि त्याला उत्तेजनार्थ पारितोषिक देऊन आम्ही मोकळे झालो. बक्षीस घेऊन जाताना त्याने मला विचारले, "काका, माझं कुठं चुकलं?" मला उत्तर देता आले नाही.

श्रोतेहो, त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा मला कळले की हाच पेच आमच्याहून कितीतरी थोर परीक्षकांनाही पडलेला होता.

त्या मुलाने जे सादर केले त्याला रॅप म्हणतात. हिप हॉप नावाच्या मोठ्या कलासंप्रदायाचे ते एक अंग होय. या संप्रदायाची चार अंगे मानतात: तबकड्या फिरवून ताल निर्माण करणे, त्या तालावर यमकबद्ध बोलणे, जमिनीशी झुंजावे तसे अंगविक्षेपांचे नृत्य, आणि भिंतींवर रंगविलेली अक्षरचित्रे. याचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात झाला. एक रुंद मोटाररस्ता त्या भागातून काढल्यामुळे जुने मोहल्ले दुभंगले होते, इमारती जळून ओस पडल्या होत्या, आणि काळ्या नि पोर्तोरिकन कुटुंबांच्या वाट्याला बेकारी आली होती. अशा त्या भागात, सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने मेजवानी ठेवली आणि तिच्या भावाने संगीताची बाजू सांभाळली. जमैकाहून आलेल्या या क्लाइव्ह कॅम्पबेल नावाच्या तरुणाला लोक कूल हर्क म्हणत. नर्तक कोणत्या क्षणाची वाट पाहतात हे त्याने हेरले होते. गाण्यात इतर वाद्ये थांबून केवळ तालवाद्ये वाजू लागतात, तोच तो क्षण. त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या आणि एकीवरचा तो तुकडा संपताच दुसरीवर तोच सुरू करून काही सेकंदांचा ठेका कितीतरी वेळ चालू ठेवला. त्या ठेक्यावर कोणी बोलू लागला, आणि त्या बोलण्यातून पुढे रॅप वाढले.

या कलेकडे मानाची दारे प्रथम किलकिलीच झाली. ग्रॅमी पारितोषिकांत रॅपसाठी स्वतंत्र पारितोषिक १९८९ साली आले. पण तो सोहळा दूरचित्रवाणीवरून दाखविताना नेमके तेच पारितोषिक वगळण्याचे ठरले, म्हणून ज्यांना ते मिळावयाचे होते ते कलावंतच समारंभाला गेले नाहीत. पंगतीला बोलावून पान ओसरीवर मांडण्यातलाच हा प्रकार. पुढे दहा वर्षांनी, १९९९ साली, लॉरिन हिल या गायिकेच्या संग्रहाला वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचा मान मिळाला, तेव्हा हिप हॉप मुख्य पंगतीत बसले.

परंतु खरी कसोटी होती ती पुलित्झर पारितोषिकाची. संगीतासाठी हे पारितोषिक १९४३ पासून देण्यात येते, आणि कित्येक वर्षे ते स्वरलेखन करून रचलेल्या अभिजात पाश्चात्त्य संगीतालाच मिळत असे. १९६५ साली परीक्षकांनी जाझ संगीताचे महर्षी ड्यूक एलिंग्टन यांचा विशेष गौरव करावा अशी शिफारस केली. नियामक मंडळाने ती नाकारली. दोघा परीक्षकांनी राजीनामे दिले. एलिंग्टन १९७४ साली वारले. जाझला पहिले संगीत-पुलित्झर मिळाले ते १९९७ मध्ये, विन्टन मार्सालिस यांना. आणि एलिंग्टन यांचा गौरव झाला तो १९९९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. नंतर २०१८ साली कॉम्प्टन गावच्या केंड्रिक लामार या रॅपगायकाच्या 'डॅम' या संग्रहाला हे पारितोषिक मिळाले. अभिजात आणि जाझ संगीताबाहेरच्या रचनेला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. संस्था तीच होती; तिचा कान तयार व्हावयास मात्र अर्धे शतक लागले.

आपल्याकडे मुंबईच्या वस्त्यांत ही कला रुजली. २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटाने धारावीतल्या रॅपगायकाची कथा घरोघरी नेली. २०२० साली त्याला फिल्मफेअरची तेरा पारितोषिके मिळाली, आणि गीतलेखनाचे पारितोषिक अंकुर तिवारी यांच्यासह डिव्हाइन या अंधेरीच्या रॅपगायकाला मिळाले.

पण याला गाणे म्हणावे काय, हा प्रश्न मराठी माणसाने तरी का विचारावा? पोवाडा अर्धा गायिला जातो आणि अर्धा बोलला जातो. डफाच्या थापेवर शाहीर गद्यातून पद्यात आणि पद्यातून गद्यात केव्हा गेला हे श्रोत्याला कळतही नाही. आणि दोन रॅपगायकांनी समोरासमोर उभे राहून शीघ्रकवित्वाने परस्परांना निरुत्तर करावयाचे, ही चाल तर आपल्या फडांतल्या सवाल-जबाबांची सख्खी बहीण शोभावी.

आपल्या या कलांनाही मान उशिराच मिळाला. ज्या तमाशाला शिष्ट समाज घरंदाजांनी पाहू नये असा खेळ समजे, त्याच तमाशातील विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींकडून १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये गौरव झाला. लावणीगायिका यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली; त्या वेळी त्यांच्या वयाला नव्वदीहून अधिक वर्षे झाली होती. पण मानाबरोबर भाकरी येतेच असे नाही. विठाबाईंचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले. २००२ साली त्या निवर्तल्या, आणि २००६ पासून त्यांच्याच नावाने शासन लोककलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देऊ लागले. जिच्या नावाने आज पुरस्कार दिला जातो तिला हयातीत विवंचना सोसावी लागली, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. भिलाईच्या पोलाद कारखान्याने पंडवानी गाणाऱ्या तीजनबाईंना नोकरी दिली. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, पण त्या नोकरीचे मोलही मला पदकाहून उणे वाटत नाही.

मग पुरस्काराचे कार्य तरी कोणते? याविषयी एक आख्यायिका सांगण्याजोगी आहे, आणि ती याच मध्य प्रदेशातली, बुंदेलखंडातल्या चंदेरीची आहे. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांच्यात कवितेची झुंज लागली. एक शिवाचा महिमा सांगे, दुसरा शक्तीचा. चंदेरीचा राजा इतका प्रसन्न झाला की त्याने एकाला तुरा दिला आणि दुसऱ्याला कलगी. त्या बक्षिसांवरून दोन संप्रदायांना नावे पडली, आणि आपल्या शाहिरी परंपरेतही शिवपक्ष तो तुरेवाल्यांचा आणि शक्तिपक्ष तो कलगीवाल्यांचा, असे भेद रूढ झाले. या कथेतला राजा मला फार शहाणा वाटतो. रस्त्यावरची कविता ती कविता नव्हेच, असे म्हणून त्याने तिला हिणविले नाही. आणि एकालाच थोर ठरवून झुंजही संपविली नाही. त्याच्या बक्षिसानंतर सामना अधिकच रंगला.

पुरस्काराने कला निर्माण होत नाही. ती ब्रॉन्क्सच्या जळक्या इमारतींत होते, जत्रेतल्या राहुटीत होते, खमरियाच्या भाड्याच्या खोलीत होते. पुरस्काराने बदलतो तो ऐकणारा. काल जे त्याला गोंगाट वाटत होते त्याकडे तो आज कान देऊन बसतो. म्हणून पुरस्कार देणाराने आपल्या पारितोषिकाची तितकीशी चिंता करू नये. आपल्या कानाची करावी.

त्या मुलाला मी अद्याप उत्तर दिलेले नाही. गेल्या गणेशोत्सवात तो स्पर्धेला आला नाही. नोकरीच्या शोधात पुण्याकडे गेला, असे त्याच्या वडिलांकडून कळले. तो सुट्टीत आला म्हणजे त्याला घरी बोलावून पुन्हा एकदा ते सारे ऐकावयाचे मी ठरविले आहे. चूक त्याची नव्हती, हे मला त्याला सांगावयाचे आहे. आणि पुढच्या वर्षी परीक्षकांच्या तीन खुर्च्यांपैकी एकीवर त्याने बसावे, असेही सुचवावयाचे आहे.