स्पिरुलिना: डबीवरचे टक्के आणि चमच्यातले ग्रॅम

स्पिरुलिनाच्या डबीवर ठळक छापलेलं असतं: प्रथिनं ६० टक्के. आकडा खरा आहे. सुकवलेल्या स्पिरुलिनात वजनाच्या ५५ ते ७० टक्के प्रथिनं असतात. ‘डाळीच्या जवळजवळ तिप्पट, मग डाळ हवी कशाला?’ हा हिशेब मात्र चुकतो. डाळ आपण वाटीने खातो, ही पूड चमच्याने. ५ ग्रॅम पुडीत सुमारे ३ ग्रॅम प्रथिनं येतात, तर एका अंड्यात ६. आणि वाटीभर खावी, असा तिचा वास तरी नाही.

यातून शाकाहाऱ्यांना बी-१२ मिळतं, हा समज जास्त धोक्याचा. स्पिरुलिनातलं बी-१२ बहुतांशी नावापुरतंच असतं. त्याची रचना मिळतीजुळती, पण माणसाच्या शरीराला ते वापरता येत नाही. त्यावर विसंबून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नयेत.

स्पिरुलिना खाणं हे नवं खूळही नाही. मेक्सिकोतले अझ्टेक लोक टेक्सकोको सरोवरातून ती काढून वड्या करत. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या बायका आजही ती गाळून, वाळवून ‘दिहे’ नावाने विकतात. आपल्या लोणारच्या अल्कधर्मी पाण्यातही ती आढळते.

पण म्हणून कुठलंही हिरवं पाणी गाळून प्यायचं नाही. स्पिरुलिना मुळात निळ्या-हिरव्या जिवाणूंपैकी. शैवाल म्हणायचं ते सवयीने. तिचेच काही भाऊबंद यकृताला घातक विष तयार करतात. लागवडीच्या हौदात खायचा सोडा घालून पाणी तीव्र अल्कधर्मी ठेवतात ते या भाऊबंदांना दूर ठेवण्यासाठीही. त्यात इतर फारसं काही तगत नाही. तरीही विकण्याआधी तपासणी हवीच.

उरला ‘पर्यावरणाला काहीच भार नाही’ हा दावा. तो अर्धा खरा. सुपीक जमीन लागत नाही, खारं पाणी चालतं. पण स्पिरुलिना हवेतला नायट्रोजन घेऊ शकत नाही, तेव्हा नायट्रेट किंवा युरिया बाहेरूनच द्यावा लागतो. पाणी सतत ढवळावं लागतं. आणि गाळून काढलेला लगदा बहुतांश पाणीच असतो. तो यंत्राने सुकवायला बरीच ऊर्जा जाते. उन्हात वाळवला तर ती वाचते, फक्त धूळ-माश्यांपासून जपावं लागतं.