वैद्याची कैफियत

घाटकोपर पूर्वेस पंतनगरापासून गारोडियानगरापर्यंत नुसते हिंडले, तरी निवासी इमारतींच्या खालच्या मजल्यांवर थाटलेल्या नर्सिंग होम्सच्या पाट्या दृष्टीस पडतात. आणि त्या पाट्यांवरील एखाद्या डॉक्टरवर रुग्णाच्या आप्तांनी हयगयीचा आरोप ठेवला, की प्रकरण बहुधा वांद्र्यास, मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगापुढे जाऊन उभे राहते. तेथे डॉक्टरचे वकीलपत्र घेणारा गृहस्थ समाजास फारसा परिचित नसतो, आणि परिचित झालाच तर फारसा प्रिय नसतो.

या कामासाठी स्वतंत्र सनद नाही. मात्र कायद्याच्या जोडीने शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र वाचण्याची चिकाटी लागते, आणि काहीजण तर आधी डॉक्टर होऊन मागाहून काळा कोट चढवतात. हे क्षेत्र विस्तारले ते 13 नोव्हेंबर 1995 नंतर, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. सर्वांनाच विनामूल्य उपचार देणारे रुग्णालय, नाममात्र नोंदणी शुल्क घेत असले तरी, कक्षेबाहेर राहिले. म्हणून राजावाडीसारख्या महापालिका रुग्णालयाचे प्रकरण आले, की कोणाकडून कशाचे पैसे घेतले जातात, हाच प्रश्न वकील आधी धसास लावतो.

नोटीस हाती पडल्यापासून कैफियत दाखल करण्यास 30 दिवस, आणि आयोगाने मेहेरनजर केल्यास आणखी 15. त्यापलीकडे एकही दिवस नाही, असे घटनापीठाने 2020 मध्ये निक्षून सांगितले आहे. एवढ्या अवधीत वकिलाने वाचायचा असतो तो केसपेपर: रुग्णास कोणी, किती वाजता पाहिले, रक्तदाब किती होता, संमतिपत्रावर शस्त्रक्रियेचे नाव होते की नुसती सही. नेमक्या याच वेळी काही डॉक्टरांना राहून गेलेल्या नोंदी मागाहून भरण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते वकिलाची खरी परीक्षा आयोगापुढील युक्तिवादात नसून अशिलाचा तो हात धरण्यात आहे. कारण मागणी केल्यापासून 72 तासांत कागदपत्रे देण्याचा नियम 2002 पासून असल्याने, आप्तांजवळ मूळ प्रत आधीच पोहोचलेली असू शकते.

उपचार फसला म्हणजे हयगय झालीच, असे कायदा मानत नाही. विलेपार्ल्याच्या नानावटी रुग्णालयातील एका प्रकरणात मूत्रपिंड निकामी झालेल्या आणि जंतुसंसर्गाने तापलेल्या रुग्णास अमिकासिन दिले गेले; त्याने श्रवणशक्ती गेल्याची तक्रार केली; राष्ट्रीय आयोगाने भरपाई दिली, पण प्राण वाचवणे अग्रक्रमाचे होते हे ध्यानी घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये डॉक्टरांस दोषमुक्त केले. फौजदारी बाजूस तर जेकब मॅथ्यू निकालाने 2005 पासून हयगय घोर असल्याखेरीज डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही.

याउलट घडलेला खटलाही आपल्याच मुलखातला आहे. 6 मे 1953 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. टॅक्सीने त्याला पुण्यास आणले, 9 मे रोजी तेथे शल्यवैद्याने उपचार केले, आणि त्याच रात्री तो दगावला. मेदाचा कण रक्तप्रवाहात अडकून मृत्यू ओढवला, हा बचाव टिकला नाही. पूर्ण भूल न देता जोर लावून हाड ओढल्याच्या आघातानेच तो गेला, असे न्यायालयांनी धरले. भरपाई 3,000 रुपये होती, आणि ती वाचवण्यासाठी (की नाव वाचवण्यासाठी?) लढत दिलेले ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हे अपील 2 मे 1968 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले.

हा निकाल ज्याने नीट वाचला आहे, तो वकील प्रत्येक प्रकरण शेवटपर्यंत लढवत नाही. केसपेपर वाचून दोष उघड दिसल्यास डॉक्टरच्या विमा कंपनीशी बोलून तडजोड करवणे हेही त्याचेच कर्तव्य. कारण कंपनीच्या संमतीवाचून दोष कबूल करू नये, अशी अट पॉलिसीत सामान्यतः असते आणि डॉक्टर ती सहसा नोटीस आल्यावरच वाचतो.

वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते, की शंका आल्यास दवाखान्याच्या काचा फोडण्याऐवजी केसपेपरची प्रत लेखी अर्ज करून मागावी. आंतररुग्णाचे दप्तर तीन वर्षे जपणे रुग्णालयावर बंधनकारक असले, तरी तक्रारीची मुदत दोनच वर्षांची आहे.