सात वॅट आणि पंचेचाळीस हजार वेळा

३० मे २०२४ रोजी भारताची विजेची मागणी २५० गिगावॅटवर पोहोचली. तोपर्यंतचा तो उच्चांक होता. २५० गिगावॅट म्हणजे अडीचशेवर नऊ शून्ये, इतके वॅट. यातल्या किती विजेने माणसाचा जीव धोक्यात येतो? छातीतून जाणारा ३० मिलिअँपिअर प्रवाह ही धोक्याची रेषा मानतात. घरातल्या २३० व्होल्टशी गुणले तर जेमतेम सात वॅट होतात. त्या दिवशीच्या विजेचे सात-सात वॅटचे वाटे घातले असते, तर ते साडेतीन हजार कोटींहून जास्त भरले असते. पृथ्वीवरची माणसे आठशे कोटींच्या आसपास आहेत.

घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ४० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे घरातला एक साधा दिवासुद्धा ही रेषा ओलांडतो.

या रेषेच्या अलीकडेही धोका असतोच. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील या प्राध्यापकांनी १३४ पुरुष आणि २८ स्त्रियांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. हातात धरलेली तार किती प्रवाहापर्यंत स्वतःहून सोडता येते, हे त्यांना मोजायचे होते. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर आली, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. ‘करंटने धरून ठेवले’ असे लोक म्हणतात ते हेच. कोरड्या त्वचेचा अडथळा ओलांडल्यावर शरीराचा रोध साधारण हजार ओहम धरतात. अशा शरीरातून २३० व्होल्टचा दाब २३० मिलिअँपिअर रेटतो.

एमसीबी आहे, मग काळजी कशाला, असे पुष्कळांना वाटते. पण १६ अँपिअरचा एमसीबी पडण्यासाठी १६,००० मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. धोक्याच्या रेषेच्या तो ५०० पटींहून जास्त आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसातून जाणारे २३० मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून पुरवठा तोडणारे आरसीसीबी लागते. एमसीबी आणि आरसीसीबी यांतला फरक ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हाती कुणाच्याही घराचे वायरिंग देऊ नये. वीजकामगारांसाठी सुरक्षेची परीक्षा सक्तीची असावी ती याचसाठी.

कायद्याला हे फार पूर्वीच कळले आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम सांगत होता, की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर बाकीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यावे, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडेही परवाना असावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी तेच बंधन पुढे चालवले. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री हे अभ्यासक्रम आहेत.

तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू वर्षाला बारा हजारांच्या वर राहत आले आहेत. आकाशातून पडणाऱ्या विजेचे बळी यात नाहीत, ते वेगळे मोजतात. बारा हजार म्हणजे पाऊण तासाच्या आत एक. एखादी तीन तासांची लेखी परीक्षा सुरू होऊन संपेपर्यंत देशात चार जण गेलेले असतात. हे सगळे वीजकामगार नसतात. पंप चालू करायला गेलेला शेतकरी त्यात असतो, ओल्या हाताने कूलरला शिवलेले मूल असते. पण त्या पंपाचे अर्थिंग कुणीतरी केलेले असते किंवा करायचे सोडून दिलेले असते. वायरमनची चूक त्याच्यापुरती राहत नाही. ती भिंतीत जाते आणि वर्षानुवर्षे तिथेच थांबते.

आता कामगाराच्या बाजूने हिशेब करू. एक वायरमन दिवसाला पाच ठिकाणी बोर्ड उघडतो असे धरा. वर्षाचे ३०० दिवस आणि तीस वर्षांची नोकरी. ४५,००० वेळा त्याचा हात तारेजवळ जातो. कोणत्याही परीक्षेत ९९ टक्के गुण मिळाले तर आपण पेढे वाटतो. इथे ९९ टक्के बरोबर म्हणजे ४५० चुका. ९९.९ टक्के बरोबर म्हणजे ४५ चुका. जीव जायला त्यातली एक पुरते.

म्हणून या धंद्यात हुशारीपेक्षा क्रमाला महत्त्व आहे. पुरवठा बंद करायचा, तो दुसऱ्या कुणी चालू करू नये म्हणून कुलूप आणि पाटी लावायची, वीज खरोखर गेली का ते तपासायचे, अर्थ करायचे, शेजारचे जिवंत भाग झाकायचे. पाच पायऱ्या, ४५,००० वेळा. तिसरी पायरी बहुतेक जण खिशातल्या टेस्टरवर उरकतात. टेस्टरच्या आत सुमारे दहा लाख ओहमचा रोध असतो. त्यामुळे पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह आपल्याच अंगातून जातो आणि तेवढ्यावर तो बारीक दिवा लागतो. भर उन्हात तो लागलेला दिसत नाही. लाकडी घोडीवर उभे राहिले तर मंदावतो. न दिसलेल्या त्या दिव्यावर कुणी आपला जीव टाकू नये.

खांबावरच्या जनमित्राचा, म्हणजे लाइनमनचा, धोका आणखी मोठा. लाइन बंद केली, परमिट घेतले, आणि गावात कुणीतरी जनरेटर चुकीच्या जोडणीने सुरू केला, तर घराचे २३० व्होल्ट रोहित्रातून उलटे चढून ११ हजारांच्या घरात जातात. ‘बंद’ लाइन जिवंत होते. अर्थिंगची चौथी पायरी गाळणाऱ्याला ती सावध होण्याची संधी देत नाही.

आता छपरावर नवी वीज आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे. प्रत्येकी ४५ ते ५० व्होल्टची सहा पॅनेल एकापुढे एक जोडली की सुमारे ३०० व्होल्ट डीसी होतात. ऊन आहे तोवर पॅनेलमधली ही वीज बंद करता येत नाही. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीत ती संधी एकदाही मिळत नाही. वीस वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या वायरमनला हे कुणी विचारले असेल?

मला म्हणायचे आहे ते इतकेच. परवान्याची परीक्षा आयुष्यात एकदाच देऊन भागत नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक बांधकामांवर इलेक्ट्रिशियनला ईसीएस हे पात्रतेचे कार्ड लागते आणि त्यासाठी आरोग्य व सुरक्षेची परीक्षा द्यावी लागते. कार्डाला मुदत असते, आणि नवे करताना सुरक्षेचे ज्ञान ताजे असल्याचे पुन्हा दाखवावे लागते. आपल्याकडेही दर काही वर्षांनी, आणि निम्मी तरी प्रत्यक्ष हाताने, अशी परीक्षा हवी. पाच पायऱ्या करून दाखव. आरसीसीबी तपासून दाखव. सोबत्याला शॉक बसला तर आधी पुरवठा तोड, मग छाती दाबून दाखव: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. हृदयाची लय बिघडल्यावर मदत मिळाली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. अशा वेळी तालुक्याच्या गावाहून रुग्णवाहिका येईपर्यंत सोबत्याचे हातच काय ते त्याचे औषध.

या परीक्षेची फी कामगाराच्या खिशातून जाऊ नये, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडू नये. ज्याच्या हातावर पोट आहे त्याला परीक्षा शिक्षा वाटली, तर तो ती टाळेल. खर्च ठेकेदाराने, वीज कंपनीने आणि सरकारने उचलावा. उरलेले काम आपल्या सगळ्यांचे. घराचे वायरिंग काढताना दर विचारण्याआधी परवाना विचारा, आणि परवानाधारक माणूस जास्त मजुरी मागेल तर ती द्या. पंचेचाळीस हजार वेळा अचूक राहण्याचे कसब त्या पैशाने आपण विकत घेत असतो.